प्रायव्हेट बोर्डच्या ड्रायव्हरमध्ये आयओसीटीएलची २ नंबरची कमांड पोचतच नाही

बूटलोडर:
नमस्कार मंडळी. आमचा स्वतःचा कंट्रोलर बोर्ड आहे, त्यावर लिनक्स, आणि एफपीजीएशी (प्रोग्रॅम करता येणारी चिप) बोलायला टीमनेच लिहिलेला कॅरेक्टर ड्रायव्हर, म्हणजे ॲप त्याच्याशी डेव्हाइस फाइलमधून बोलतं. बोर्ड बाहेर कुठेच जात नाही म्हणून आयओसीटीएलच्या (ॲपने ड्रायव्हरला कमांड पाठवायचा सिस्टिम कॉल) कमांडना साधे ० ते ५ नंबर दिलेत. बाकी सगळ्या नीट चालतात पण २ पाठवली की हँडलरमधला प्रिंटके (कर्नल लॉगमधला मेसेज) येतच नाही, तरी आयओसीटीएल शून्य रिटर्न करतं आणि ॲपच्या व्हेरिएबलमध्ये ४०९६ येऊन बसतं, हा आकडा आमच्या कोडमध्ये कुठेही नाहीये. शिवाय मेजर नंबर (डेव्हाइस फाइल कोणत्या ड्रायव्हरची ते सांगणारा) २४० फिक्स आहे, तो कधीकधी बूटला बिझी म्हणून फेल होतो. दोन्हीचा काही संबंध आहे का?

रजिस्टर_वाचक:
४०९६ बघूनच कळलं, ती फाइलसिस्टिमची ब्लॉक साइझ आहे. आयओसीटीएल आलं की आधी कर्नलचा व्हीएफएस थर (सगळ्या फाइलींसाठीचा सामायिक) बघतो, त्याच्या ओळखीची कमांड असेल तर तिथेच उत्तर देऊन मोकळा होतो, ड्रायव्हरला पत्ताच लागत नाही. ब्लॉक साइझ विचारणारी कमांड म्हणजे नेमका २ हा आकडा. १ पण कर्नलचीच आहे पण ती फक्त रेग्युलर फाइलवर अडवली जाते म्हणून तुमची सुटली.

बोर्ड प्रायव्हेट असला तरी नंबर सगळ्यांचे सामायिकच असतात हो. कर्नलचे आयओसी मॅक्रो वापरा, ३२ बिटांत दिशा, साइझ, टाइप आणि नंबर बसवतात. टाइपचं अक्षर कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधल्या आयओसीटीएल यादीत बघून घ्या. ट्यूटोरियलमधून छोटा 'के' उचलू नका, कर्नलमधला एसपीआयडेव्ह ड्रायव्हर तोच वापरतो. आणि अनोळखी कमांडला ईनॉटटीवाय (ही कमांड इथे लागू नाही असा एरर) परत करा, कारण पायथनचं ओपन तुमची डेव्हाइस फाइल उघडताना टर्मिनल आहे का ते बघायला हेक्स ५४०१ पाठवतं, तिथे भलतंच काही चालू झालं तर शोधत बसाल.

जुना_कर्नल:
मेजरचं वेगळं आहे. २४० ते २५४ लोकल वापरासाठी म्हणून यादीत लिहिलंय खरं, पण डायनॅमिक वाटप पण २५४ पासून खाली २३४ पर्यंत त्याच पट्ट्यातून होतं, त्यामुळे बूटला दुसरे ड्रायव्हर आधी लोड झाले आणि त्यांना २४० मिळाला की तुमचा आपटला. मॉड्यूल लोड व्हायचा क्रम बदलतो म्हणून कधीकधी. alloc_chrdev_region-वालं डायनॅमिक वाटप घ्या, किंवा एकच डिव्हाइस असेल तर सरळ मिस्क डिव्हाइस करा (किरकोळ ड्रायव्हरांचा सामायिक मेजर), डायनॅमिक मायनर (मेजरखालचा डिव्हाइसचा नंबर), स्लॅश डेव्हमधली फाइल आपोआप तयार होते, ती फाइल हाताने बनवणारी एमनोडची स्क्रिप्ट पण जाते. ड्रायव्हरचं नाव आणि डिव्हाइस ट्रीतलं (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन) कम्पॅटिबल हे नाव पण कंपनीच्या प्रिफिक्सने ठेवा, नुसतं एफपीजीए नका ठेवू, त्याच बसवर त्याच नावाचा ड्रायव्हर आधीच असेल तर ऑलरेडी रजिस्टर्ड म्हणून अडकतो.

बूटलोडर:
खूप आभार दोघांचे! मॅक्रोने नंबर दिल्यावर २ लगेच हँडलरला आली. एक शंका, ॲप ३२ बिट आहे आणि नवीन कर्नल ६४ बिट होणार, काही त्रास?

रजिस्टर_वाचक:
स्ट्रक्चरमध्ये लाँग किंवा पॉइंटर असेल तर नक्की. दोन्हीकडे साइझ वेगळी, साइझ नंबरातच गुंफलेली, म्हणून कमांडच जुळणार नाही. ठरावीक रुंदीचे टाइप घ्या, पॉइंटर ६४ बिट पूर्णांकात पाठवा, मधलं पॅडिंग स्वतः लिहा, मग कम्पॅट हुकमध्ये (६४ बिट कर्नलवर ३२ बिट ॲपचे कॉल येतात ती जागा) वेगळं भाषांतर लागत नाही, कर्नलचा compat_ptr_ioctl लावला की झालं. फील्ड वाढवलं तर जुन्या ॲपला सरळ एरर मिळते, भलतीच मेमरी लिहिली जात नाही, हे फार मोलाचं आहे. जुनी ॲप बाहेर बोर्डांवर असतील तर ०, १, ३, ४, ५ हे जुने नंबर पण स्विचमध्ये राहू द्या, सगळीकडे नवीन हेडरने बिल्ड पोचला की काढा.