बाळ अंगावर पीतच नाही, काय करू? लवकर सांगा

पियू_०९: अंगावर घेतलं की दोनदा ओढतं आणि मान मागे टाकून किंचाळतं. जन्मल्या जन्मल्या छातीवर ठेवायचं असतं म्हणे, ते आमच्याकडे झालंच नाही. म्हणजे आता कायमचं गेलं का? डिंकाचे लाडू चालू आहेत, ते सांगू नका.

रानजाई: किती दिवसांचं? नॉर्मल की सिझर? वजन?

सुगरण_काकू: लाडू नकोत तर अळिवाची खीर घे. नारळाच्या दुधात. माझ्या दोघांना दीड वर्ष पुरलं.

रानजाई: काकू, तिचं बाळ तोंडच लावत नाहीये. खीर काय करणार?

पियू_०९: सिझर. आज पाचवा दिवस. वजन २.९. लगेच वर नेलं, सहा तासांनी दाखवलं, तोवर पावडर पाजलेली.

दादासाहेब_४८: आमच्याकडे तीन दिवस मधच चाटवायचे. सगळे धडधाकट.

टिटवी: मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने अंग लुळं पडणारा आजार) होऊ शकतो. पियू, मी २२ वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. पहिला तास मोलाचा खराच. उघड्या छातीवर ठेवलेलं बाळ पाय रेटत, वास घेत आपणच सरकत जातं. पण तो हुकला म्हणून गाडी सुटली नाही. बाळाला फक्त लंगोट, तू रेलून बस, छातीवर घे, पाठीवर चादर, नाक-तोंड मोकळं. मूठ चोखायला लागलं की लाव, रडेपर्यंत थांबू नकोस. नुसतं बोंड नको, खालचा काळा भाग जास्त तोंडात जायला हवा. शू किती वेळा करतं?

बापमाणूस: बाबाची छातीही चालते. आमची ३४ आठवड्यांची होती, मी तासन्‌तास घेऊन बसायचो. १९७८-७९ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर पुरेनात, तिथून ही कांगारू पद्धत आली.

सुगरण_काकू: अवांतर, आज पाचवी ना गं? पाटा-वरवंटा पुजलात का?

टिटवी: शू किती, ते सांग आधी.

पियू_०९: कालपासून तीनदा. लंगोटावर विटकरी डाग आहे. पावडर काल रात्रीपासून बंद केलीय, भूक लागली की आपोआप ओढेल म्हणून.

रानजाई: हे आत्ता सांगतेस?

टिटवी: उपाशी ठेवून शिकत नाही गं बाळ, उलट मलूल होऊन झोपून राहतं. हाताने पिळून निघेल ते वाटी-चमच्याने दे, कमी पडेल तेवढी पावडर दे, आणि आत्ताच्या आत्ता बाळाच्या डॉक्टरांकडे जा. वजन करायला सांग, कावीळ बघायला सांग.

दादासाहेब_४८: हल्लीच्या मुली लगेच घाबरतात.

रानजाई: घाबरूच दे, काका.

पियू_०९: जाऊन आलो. काटा २.६२. कावीळ थोडी आहे, उद्या रक्त तपासणार. दर दोन तासांनी लावायचं आणि वरून वाटीने पाजायचं. आता छातीवरच आहे, घोरतंय. मगाशी चक्क पाचेक मिनिटं प्यालं, गिळल्याचा आवाज आला. काकू, सासूबाईंनी अळीव भिजत घातलेत.