अनुभव धागा: कॅबिनेटमध्ये कोंडलेली उष्णता आणि अस्थिर संगणक

संगणक अधूनमधून आपोआप रिस्टार्ट होणे, गेम किंवा व्हिडिओ रेंडर चालू असताना निळा पडदा (विंडोज कोलमडल्याची सूचना) येणे, माउस गोठून राहणे अशा तक्रारींचे मूळ कॅबिनेटच्या आत कोंडलेल्या हवेत सापडले, असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. काय केले यासोबतच दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे तापमानही लिहिल्यास इतरांना अधिक उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून करतो. रेंडर सुरू केल्यावर साधारण वीस मिनिटांनी माझा संगणक काहीही सूचना न देता रिस्टार्ट होत असे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद मिळे. ही नोंद संगणक रीतसर बंद झाला नाही इतकेच सांगते, कारण सांगत नाही, हे मला फार उशिरा कळले. तोवर मी विंडोज दोनदा नव्याने टाकले होते आणि रॅमही बदलली होती. शेवटी केबल तपासण्यासाठी कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढले, ते तसेच राहिले, आणि त्या दिवशी तीन तासांचे रेंडर विनाअडथळा पूर्ण झाले. झाकण लावल्यावर प्रोसेसर ९८ अंश सेल्सिअसपर्यंत जात होता. झाकण काढल्यावर तो ८१ च्या पुढे गेला नाही.

~

झाकण काढून पाहणे ही उत्तम चाचणी आहे, पण तो कायमचा उपाय मानू नये, कारण उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ सर्वत्र बसते आणि हवेला ठरावीक वाटही उरत नाही. माझ्याकडे असाच फरक दिसल्यावर मी पंख्यांच्या दिशा तपासल्या. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. या खुणेवरून पाहिले तेव्हा मागचा पंखा उलटा बसवलेला आढळला. पुढचे दोन आणि मागचा एक, असे तिन्ही पंखे हवा आतच ढकलत होते आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला वरच्या चिरांखेरीज वाट नव्हती. चार स्क्रू काढून तो एक पंखा फिरवला, एवढ्यावर ग्राफिक्स कार्ड ८६ वरून ७७ अंशांवर आले आणि निळा पडदा पुन्हा दिसला नाही. त्याआधी मी आणखी दोन पंखे विकत घ्यायला निघालो होतो! पंख्यांची संख्या वाढवण्यापूर्वी हवा कोठून येते आणि कोठून जाते हे पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पातळ कागदाची पट्टी पंख्याजवळ धरली तरी ते समजते.

~

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि त्यात मी सर्वाधिक काळ फसले, म्हणून तपशिलाने लिहिते. माझ्या संगणकात प्रोसेसर ७० अंशांवर, ग्राफिक्स कार्ड ७५ अंशांवर, म्हणजे दोन्ही आकडे निर्धोक होते. तरीही गेम तासाभराने बंद पडत असे आणि दर वेळी निराळी त्रुटी येत असे. रॅमवर संशय आला म्हणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले, तर एकही चूक निघाली नाही. पुढे लक्षात आले की त्या चाचणीच्या वेळी ग्राफिक्स कार्ड जवळपास रिकामे बसलेले असते. गेम चालू असताना मात्र त्या कार्डाची गरम हवा वर चढून थेट रॅमच्या पट्ट्यांवर येत होती. डीडीआर५ या पिढीच्या रॅमच्या पट्ट्यांवर सहसा तापमापक असतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याचा आकडा पाहिला तो ६८ अंश होता, आणि रॅम मी एक्सएमपी प्रोफाइलवर, म्हणजे मूळ प्रमाणित वेगापेक्षा अधिक वेगाने चालवत होते. तापमान वाढले की रॅमच्या पेशींमधील विद्युतभार लवकर गळतो, त्यामुळे थंड असताना पुरेशी ठरणारी सेटिंग गरम झाल्यावर अपुरी पडते. मी वरच्या बाजूला, मागील कोपऱ्यात हवा बाहेर टाकणारा एक पंखा बसवला आणि पुढच्या पंख्यांचा वेग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरऐवजी मदरबोर्डच्या तापमानाशी जोडला. रॅम आता ५५ अंशांच्या आसपास राहते आणि त्याच प्रोफाइलवर एकही त्रुटी आलेली नाही.

~

माझ्याकडे एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तळाला होता, त्याचा पंखा खालच्या दिशेला होता आणि कॅबिनेट जाड गालिच्यावर ठेवलेले होते. खालून हवाच मिळत नसल्याने एसएमपीएस तापून सुरक्षेसाठी स्वतःला बंद करीत असे. खाली लाकडी फळी ठेवली, जाळी धुऊन पूर्ण वाळवून परत लावली आणि दोष तेथेच संपला.

~

प्रत्येक वेळी कॅबिनेटच दोषी असेल असे नाही, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. तापमान किती वर जाते याइतकेच ते किती वेळात वर जाते हेही पाहावे. कॅबिनेटमधली हवा कोंडत असेल, तर आकडा दहा-वीस मिनिटे सावकाश चढत राहतो. माझा प्रोसेसर मात्र भार पडताच काही सेकंदांत १०० अंशांना पोहोचत होता आणि झाकण काढूनही त्यात फरक पडत नव्हता. हीटसिंक (प्रोसेसरवरची उष्णता खेचून घेणारा धातूचा भाग) उतरवल्यावर कारण दिसले: एका कोपऱ्याची पिन मदरबोर्डमध्ये पूर्ण बसलीच नव्हती आणि दोहोंमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट एका बाजूला कोरडी पडली होती. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, नवी लावली आणि समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबून हीटसिंक बसवला. आता पूर्ण भाराखाली ७८ अंश दिसतात.

जाता जाता साफसफाईबद्दल: दाबाच्या हवेने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते मर्यादेबाहेर वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. संगणक अर्थातच बंद आणि प्लगमधून काढलेला असावा.

~

धागा सुरू करणारा मीच पुन्हा लिहीत आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदाच्या पट्टीची चाचणी काल केली. पंख्यांच्या दिशा योग्य निघाल्या, पण पुढची बाजू अखंड काचेची असल्याने आत येणारी हवा फारच क्षीण आहे. काच उतरवून, बाजूचे झाकण मात्र बंद ठेवून तेच रेंडर चालवले तेव्हा प्रोसेसर ८३ अंशांवर स्थिर राहिला. काचेच्या जागी जाळीचा पत्रा बसवणार आहे. त्यानंतर रॅमचे तापमानही मोजून दोन्ही आकडे येथेच नोंदवीन.