'फ्लॅक'मधली रॉबिन: हसायचं की चिडायचं?

टिळकनगरची:
'फ्लॅक'चे दोन्ही सीझन, 12 भाग, आठवड्यात संपवले. लंडनमध्ये बड्या लोकांच्या भानगडी निस्तरणारी अमेरिकन पब्लिसिस्ट रॉबिन. काम ॲना पॅक्विनचं, जिला 'द पियानो'साठी 11व्या वर्षी ऑस्कर मिळालं तीच. (पब्लिसिस्टला मराठीत 'प्रसिद्धीप्रमुख' म्हणावं तर लग्नाच्या पत्रिका वाटणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. 'फ्लॅक' हा इंग्रजीत या लोकांना हेटाळणीने वापरतात तो शब्द.)

तक्रार एवढीच की मालिका तिला फार लवकर माफ करते. तिच्या जोडीदाराला, सॅमला, मूल हवंय. ही हो हो म्हणते आणि चोरून गर्भनिरोधक गोळ्या घेते. पोटात गोळा येतो न येतो तोच तिची सहकारी ईव्ह काहीतरी खवचट बोलते, आपण हसतो आणि सॅम राहतो बाजूला.

पोहे_जिरावन:
ताई, माफ कुठे केलंय? हसल्यावरच तर टोचतं ते. मी इंदूरला भंवरकुआँच्या एका कोचिंगची प्रसिद्धी तीन वर्षं सांभाळली. निकाल लागला की एकाच टॉपरचा फोटो दोन-दोन बॅचच्या होर्डिंगवर. एका पोराच्या वडिलांचा फोन आला, "तो तर तुमच्याकडे फक्त टेस्ट सिरीजला होता हो." गोड बोलून त्यांनाच पटवलं की यात मुलाचं नाव होतंय. शेवटी तेच थँक्यू म्हणाले! संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांना नकलेसकट सांगितलं, सगळे लोटपोट. घरी बायकोने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही. रॉबिन हीच आहे.

टिळकनगरची:
भिया, तुम्ही निदान 'काही नाही' म्हणताना अडखळला असाल. ती अडखळत नाही.

जुना_इंदूरकर:
गोळ्या राहू द्या, धंद्याचं बोला. 13 मार्च 1986, लंडनच्या 'द सन'चं पहिलं पान: विनोदी नट फ्रेडी स्टारने कुणाचा तरी हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा पाळीव प्राणी, खाल्ला. साफ खोटं. पण त्याची प्रसिद्धी बघणाऱ्या मॅक्स क्लिफर्डने ती छापू दिली आणि दौऱ्याची तिकिटं धडाधड खपली. हाच क्लिफर्ड 2014 मध्ये लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरला, 8 वर्षांची शिक्षा झाली, 2017 मध्ये कैदेत असतानाच वारला. खऱ्या धंद्यात एवढा अंधार, आणि मालिकेत काय? झकपक ऑफिस, उंच टाचा. मला तर ती जाहिरातच वाटली, त्याच धंद्याची.

पोहे_जिरावन:
काका, एका माणसाच्या गुन्ह्यावरून अख्खा धंदा तोलायचा? आणि टाचांचं म्हणाल तर मी चप्पल घालून खोटं बोलायचो, खोटं तेवढंच होतं. झकपक दाखवलं म्हणून तर कळतं की माणसं या कामाला का चिकटून राहतात. आईने आत्महत्या केलेली, स्वतः नशेत बुडालेली, तरी फोन वाजला की बाई ताठ उभी. दुसऱ्याचं घर सावरताना स्वतःचं बघावं लागत नाही ना!

जुना_इंदूरकर:
हे पटलं थोडं. जाहिरात मात्र जाहिरातच.

टिळकनगरची:
काका, हॅमस्टर कबूल. भिया, फोनही कबूल. पण सॅमचं कुणीच बोललं नाही. इथेही तो बाजूलाच राहिला, बघा.

पोहे_जिरावन:
बोललो असतो ताई, पण बायको शेजारी बसून वाचतेय.