एएआर ऑब्फस्केट केली की समोरच्याचं बिल्ड फुटते. लायब्ररीवाले करता तरी काय?

काटेवाला_नागपूर
नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही दोघंच, मी आणि माझा मावसभाऊ. गायत्रीनगरला आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत खोली आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. तीन वर्षांपासून अँड्रॉइडसाठी वजनकाट्याची लायब्ररी बनवून राहिलो. काट्याचा इंडिकेटर, त्याच्या मागून आरएस-२३२ ची वायर, वायरीला एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल, ९६०० बॉड. ऍपवाल्यानं आमची एएआर, म्हणजे लायब्ररीची तयार फाईल, घ्यायची, दोन फंक्शनं कॉल करायची, किलोचा आकडा त्याच्या स्क्रीनवर.

ऐकायला सोपं वाटते. पण दर इंडिकेटरची ओळ वेगळी, एक महाशय तर आकडे उलटे पाठवतात. आणि खरी गोम म्हणजे वजन 'स्थिर' झालं हे कधी म्हणायचं? कळमन्याच्या यार्डात हमालानं संत्र्याचा क्रेट काट्यावर आदळला की आकडा वरखाली नाचत राहते. तो नाच केव्हा संपला समजायचा, हे आम्ही मृग बहाराच्या दोन हंगामांत भल्या पहाटे यार्डात उभं राहून शिकलो. त्या फिल्टरचा क्लास जेमतेम दोनशे ओळींचा आहे. बाकीची लायब्ररी कोणीही लिहील, तेवढा क्लास सोडून.

मागच्या महिन्यात बाहेरगावच्या एका ग्राहकाकडच्या डेव्हलपरचा फोन आला. म्हणे, "तुम्ही सात रीडिंगचा मीडियन, म्हणजे मधला आकडा, घेता ना, तो आमच्यासाठी पाचचा करा. तुम्ही लिहिलंय हमाल क्रेट आदळतो म्हणून सात, पण आमच्याकडे हमाल नाहीत, पट्ट्यावरून माल येतो." मी म्हटलं, भाऊ, हे तुला कसं माहीत? तर म्हणे, "उघडून पाहिलं." बाप्पा! म्हणजे पोरानं जेडॅक्स नावाच्या टूलमध्ये टाकून आख्खं डीकंपाईल केलं, बनलेल्या फाईलीतून कोड परत काढला. चोरी म्हणत नाही मी त्याला, बिचारा सुधारणाच सांगून राहिला होता. पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या ग्रॅडल फाईलीत, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते सांगणाऱ्या फाईलीत, मिनिफाय चालू केलं. त्यानं न वापरलेला कोड गळतो आणि क्लासची नावं ए, बी अशी बदलून कोड ऑब्फस्केट होतो. जी एएआर निघाली तिच्यातली क्लासेस जार उघडून पाहिली तर आत काहीच नाही! मग सगळ्या पब्लिक क्लासेसना कीप लावलं, म्हणजे यांना हात लावू नको असा नियम. आमच्या डेमो ऍपमध्ये झकास चाललं, ग्राहकाला पाठवलं, तर त्यांचं बिल्ड फुटलं: डुप्लिकेट क्लास ए डॉट ए, दोन मॉड्यूलमध्ये सापडला. त्यांच्याकडे एका बिल प्रिंटरवाल्याची लायब्ररी आहे, तीही ऑब्फस्केट केलेली, आणि तिच्यातही ए डॉट ए बसलेला.

आता मावसभाऊ म्हणते, सोडून दे, ग्राहक त्याचं ऍप मिनिफाय करतेच ना, तेव्हा आपलंही होईल. मी म्हणतो, ग्राहकाच्या हातात तर उघडीच एएआर जाते, मग लपवलं कोणापासून? ज्यांनी अशी दुसऱ्याच्या ऍपात बसणारी लायब्ररी, म्हणजे एसडीके, विकली आहे त्यांनी सांगा, हे तुम्ही कसं करता.

तर्री_जास्त
एवढा जीव आहे तर तो क्लास सर्व्हरवर ठेवा ना भाऊ. फोननं रीडिंग पाठवायचं, सर्व्हरनं स्थिर वजन सांगायचं. कोण कशाला डीकंपाईल करते मग.

काटेवाला_नागपूर
@तर्री_जास्त कल्पना बरोबर आहे, पण काटा सेकंदाला आठ-दहा रीडिंग टाकते आणि शेडच्या पत्र्याखाली नेटवर्कची दांडी एक असते, कधी तीही नसते. लिलाव चालू असताना "कृपया थांबा" दाखवलं तर अडत्या फोनच काट्यावर ठेवेल.

मिहानची_ताई
काटेवाला दादा, रिकामी जार आणि ए डॉट ए, दोन्ही प्रसाद मी खाल्लेले आहेत. मी मिहानमध्ये एका कंपनीत पेमेंटची एसडीके सांभाळते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जार रिकामी का आली? ऍपमध्ये आर-एटला, म्हणजे मिनिफाय करणाऱ्या टूलला, सुरुवात कुठून होते ते मॅनिफेस्टवरून कळतं: ही ऍक्टिव्हिटी, ही सर्व्हिस, इथून पुढे जे जे वापरलं जातं ते ठेवा. लायब्ररीला असं दारच नसतं. तिचं प्रत्येक पब्लिक फंक्शन दार आहे, आणि ते उघडणारा माणूस दुसऱ्याच ऑफिसात बसलाय. आर-एटच्या लेखी कोणीच काही वापरत नाही, म्हणून त्यानं सगळं झाडून काढलं. त्याचं चुकलं नाही. कीप तुम्हीच लावायचं, पण सरसकट सगळ्या पब्लिक क्लासेसना नाही. आधी पॅकेजची वाटणी करा. ग्राहक ज्याला हात लावणार ते एका पॅकेजमध्ये, बाकी सगळं इंटर्नल नावाच्या दुसऱ्या पॅकेजमध्ये, आणि कीप फक्त पहिल्याला. कोटलिन भाषेत इंटर्नल हा शब्द लिहिला म्हणून निर्धास्त राहू नका. बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपाईल झालेल्या कोडमध्ये, ते पब्लिकच असतं, फंक्शनच्या नावामागे मॉड्यूलचं शेपूट लागतं एवढंच.

ए डॉट ए वर उपाय एका ओळीचा आहे: रिपॅकेजक्लासेस, आणि पुढे तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव. मग बदललेले सगळे क्लास तुमच्याच घरात ए, बी, सी होतात, प्रिंटरवाल्याच्या ए शी भांडण नाही. खरं तर हे त्यानंही करायला हवं होतं.

आता नियमांच्या दोन फाईली असतात आणि तिथे भले भले घोळ घालतात. एक तुमची लायब्ररी बनताना लागते. दुसरी कन्झ्युमर नियमांची. ती एएआरच्या आत प्रोगार्ड डॉट टीएक्सटी म्हणून जाते आणि ग्राहकाचं ऍप बनताना लागू होते. म्हणजे तिथे लिहिलेली ओळ दुसऱ्याच्या घरात चालते. एका लायब्ररीच्या या फाईलीत कोणी शहाण्यानं डोन्ट-ऑब्फस्केट लिहून ठेवलं होतं, आमचं आख्खं ऍप चार महिने उघडं फिरत होतं. तिथे फक्त तुमच्या रिफ्लेक्शनला (नावावरून क्लास शोधणं) किंवा जेएनआयला (सी-प्लस-प्लसशी जोड) जे लागतं तेवढंच लिहा.

कोटलिन आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. एक, तुमच्या पब्लिक क्लासेसवरचं कोटलिन मेटाडेटा नावाचं ऍनोटेशन टिकवा. ते गेलं तर ग्राहकाच्या कंपायलरला तुमचे डिफॉल्ट पॅरामीटर दिसत नाहीत, नलेबल, म्हणजे रिकामं चालणारं, कोण ते कळत नाही, आणि तो तुम्हाला फोन करतो. दुसरं, पब्लिक इनलाइन फंक्शन. त्याचा मजकूर ग्राहकाच्या कोडमध्ये चिकटवला जातो, त्यामुळे ते आतल्या ज्या क्लासला हाक मारतं त्याचं नाव पुढच्या आवृत्तीत बदललं की आधी बनलेला कोड रनटाइमला क्रॅश. मी तर एसडीकेच्या दारावर इनलाइन ठेवतच नाही.

जेसन वाचत असाल तर प्रत्येक फील्डवर सिरियलाइज्डनेम लावा, म्हणजे जेसनमधलं नाव पक्कं राहतं. आणि दर आवृत्तीची मॅपिंग फाईल, म्हणजे कोणत्या नावाचं काय झालं त्याची यादी, जपून ठेवा, लग्नाच्या अल्बमसारखी. ग्राहकाचं ऍप तुमचं ए नाव आणखी एकदा बदलतं, त्यामुळे क्रॅशचा स्टॅक दोनदा उलटवावा लागतो: आधी त्याच्या मॅपिंगनं, मग तुमच्या. लाइन नंबर टिकवायचा नियम विसरलात तर दुसऱ्या फेरीला काहीच हाती लागत नाही.

एवढं करूनही सातचा आकडा सातच राहतो. आर-एट नावं बदलतो, स्ट्रिंग झाकत नाही, गणित तर नाहीच. ११०१ वाला ब्लूटूथ सिरीयल पोर्टचा यूयूआयडी जसाच्या तसा दिसेल, आणि तिथून मागं जात जात चिकाटीचा माणूस तुमच्या फिल्टरपर्यंत अर्ध्या दिवसात पोचेल. सी-प्लस-प्लसमध्ये लिहून एसओ फाईल (थेट मशीन कोड) दिली तर त्याचा आठवडा जाईल, पण तुमचाही जाईल. ३२ बिट, ६४ बिट वेगळं बनवा, आता नव्या फोनांच्या १६ केबी मेमरी पेजचं बघा. दोन माणसांच्या दुकानाला मी ते सुचवणार नाही.

आता माझा प्रश्न. "हमाल क्रेट आदळतो म्हणून सात" हे कोडमध्ये कुठे लिहिलंय? लॉगमध्ये की कमेंटमध्ये?

काटेवाला_नागपूर
ताई, एवढं सविस्तर कोणी फुकट सांगत नाही, आभार. ती कमेंट आहे, फिल्टरच्या क्लासवर मावसभावानं मराठीत लिहिलेली. काऊन?

मिहानची_ताई
कारण कमेंट कंपाईल होताना गळून पडते. क्लास फाईलीत ती नसतेच. जेडॅक्समधून तुमचं गणित मिळेल, क्लासची नावं मिळतील, पण हमाल नाही मिळणार. त्या पोरानं डीकंपाईल केलंच नाही. त्याच्याकडे तुमचा सोर्स आहे. मेव्हनवर, म्हणजे लायब्ररी वाटायच्या रेपोवर, पब्लिश करताना सोर्सेस जार (मूळ कोडची फाईल) जाते का, बघा बरं.

काटेवाला_नागपूर
डोक्याला हात लावून बसलो आहे.

जाते. पहिल्या आवृत्तीपासून जाते. पब्लिशिंगचा तुकडा मी कुठून तरी चिकटवला होता, त्यात विथ-सोर्सेस-जार ही ओळ होती. मला वाटलं मेव्हनला लागत असेल. रेपो खाजगी आहे, पासवर्ड फक्त ग्राहकांना, म्हणून कधी उघडून पाहिलंच नाही. त्या पोरानं अँड्रॉइड स्टुडिओत कंट्रोल दाबून क्लासवर क्लिक केलं, आणि समोर मावसभावाची आख्खी कमेंट. "उघडून पाहिलं" म्हणजे एवढंच! आणि मी आठवडाभर कीप नियमांशी कुस्ती खेळून राहिलो. ती मिनिफाय केलेली एएआर गेली तिच्यासोबतही सोर्सेस जार गेलीच होती. दाराला कुलूप आणि भिंतच नाही.

तर्री_जास्त
आता खोलीवर जाऊन मावसभावाला सावजी खाऊ घाला. त्याच्या कमेंटनं चोर पकडला. चोर निघाला ग्रॅडल.

करार_बघून_सही
मी कोडवाला नाही, करार तपासतो, म्हणून एक मुद्दा. आपल्याकडे संगणक प्रोग्राम कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये साहित्यकृतीत मोडतो, तेव्हा तुमचा क्लास कोणी उचलून स्वतःच्या नावानं विकला तर दाद मागता येते. पण त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे: ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीरपणे आहे त्याला, दुसरा स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती इतरत्र सहज मिळत नसेल तर, ती काढून घेता येते. म्हणजे "उघडून पाहिलं" एवढ्यावर नोटीस पाठवायला जाऊ नका. तुमच्या करारात काय लिहिलंय ते पाहा. गोपनीयतेचं कलम आहे का?

काटेवाला_नागपूर
@करार_बघून_सही करार? एक पानाचं कोटेशन आहे, त्यात जीएसटी वेगळा असं लिहिलेलं आहे. तुम्हाला निरोप पाठवतो.

काटेवाला_नागपूर
बारा दिवसांनी परत आलो, म्हटलं धागा अर्धवट सोडू नये.

सोर्सेस जार बंद केली आणि रेपोतून जुन्याही काढल्या. ज्यांच्या मशीनवर ग्रॅडलच्या कॅशमध्ये पडून आहेत त्या पडून आहेत, त्याला इलाज नाही. ताईंनी सांगितलं तशी पॅकेजची वाटणी केली. बावीस पब्लिक क्लास होते, वाटणी केल्यावर कळलं की ग्राहकाला फक्त पाच लागतात. रिपॅकेजनं ए डॉट ए चं भांडण मिटलं, प्रिंटरवाल्यासोबत बिल्ड पहिल्या झटक्यात झालं.

आणि मग पट्ट्यावरचा प्रत्येक क्रेट शून्य किलो! माणूस वाचतो सगळं, पण ऐकतो अर्धं. प्रत्येक इंडिकेटरचं कॅलिब्रेशन आम्ही जेसन फाईलीतून जीसन नावाच्या लायब्ररीनं वाचतो, आणि सिरियलाइज्डनेमवालं वाक्य मी नंतर करू म्हणून सोडलं होतं. गुणक नावाचं फील्ड झालं ए, जेसनमध्ये ए नावाचं काही नाही, मग जीसननं निमूटपणे शून्य ठेवला. एरर नाही, क्रॅश नाही. आमच्या डेमोत कॅलिब्रेशन फाईलच वाचत नव्हतो, म्हणून तिथे सगळं झकास. आता डेमो ऍपही मिनिफाय करूनच तपासतो, आणि खऱ्या काट्यावर गव्हाचं पोतं ठेवून.

मावसभाऊ रुसला होता की त्याची कमेंट काढू नका. काढली नाही. आता ती आमच्याच मशीनवर राहते.

फिल्टर सी-प्लस-प्लसमध्ये नेला नाही. उलट तो सात-पाचचा आकडा ग्राहकाला बदलता येईल असं सेटिंगच दिलं, त्या पाच पब्लिक क्लासांपैकी एकात. त्या पोराला फोन करून सांगितलं, तर म्हणे, "मी तीन करून बघू का?" म्हटलं, बघ बाबा. अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला: पाचच बरं.