फलकावरच्या गुणतक्त्यात नेट रन रेट का जुळत नाही?

पेठकर
नारायण पेठेत आमच्या मंडळाच्या फलकावर आयपीएलच्या दिवसांत रोज रात्री गुणतक्ता लिहिला जातो. प्रत्येक सामन्याच्या धावा आणि षटकं गूगल शीटमध्ये भरतो, बाकीचा हिशोब शीट करते. गुण, जय-पराजय बरोबर येतात, पण नेट रन रेट पाच-सहा सामन्यांनंतर अधिकृत तक्त्यापासून हटायला लागतो. काढलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, वजा दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं, असं सूत्र आहे. चूक कुठे होत असेल? आणि तक्ता संकेतस्थळावरून थेट शीटमध्ये आणता येतो का? लोक फलकाखाली उभे राहून मोबाइलवर ताडून बघतात, त्यामुळे आकडा अचूकच हवा.

गहुंजेकर
सूत्र बरोबर आहे, त्यात घातलेली षटकं चुकत असणार. दोन ठिकाणं तपासा.

पहिलं म्हणजे १८.२ षटकं ही दशांशातली संख्या नाही. ती १८ षटकं आणि २ चेंडू, म्हणजे ११० चेंडू. शीटला ते कळत नाही, ती सरळ १८.२ ने भागते. षटकांचा रकाना काढूनच टाका. पूर्ण षटकं एका रकान्यात, वरचे चेंडू दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात षटकं गुणिले ६ अधिक चेंडू. पुढचा सगळा हिशोब चेंडूंवर करा आणि धावगतीसाठी शेवटी ६ ने गुणा.

दुसरं ठिकाण सर्वबाद संघाचं. संघ २० षटकांच्या आत सर्वबाद झाला तरी त्याची पूर्ण २० षटकं, म्हणजे १२० चेंडू धरायचे. गोलंदाजी करणाऱ्या संघाच्या खात्यातही तेच १२०. समजा, अ संघाने २० षटकांत १८० केल्या आणि ब संघ १८.२ षटकांत १६५ वर सर्वबाद झाला. बरोबर हिशोब ९.०० वजा ८.२५, म्हणजे अ संघाला +०.७५. ब संघाचे ११० चेंडू धरलेत तर त्यांची धावगतीही नेमकी ९.०० येते आणि अ ला शून्य मिळतं. १८.२ ने भागलंत तर १५ धावांनी जिंकलेल्या संघाचा नेट रन रेट चक्क उणे ०.०६६ दिसतो. तुमच्या तक्त्यात या दोन्ही चुका एकत्र असतील, असा माझा अंदाज आहे.

आणि प्रत्येक सामन्याचा नेट रन रेट काढून त्यांची सरासरी घेऊ नका. एका सामन्यात १६० विरुद्ध १५०, दोघांची २० षटकं : +०.५०. दुसऱ्यात समोरच्यांच्या २० षटकांत १००, आपण १० षटकांत १०२ : +५.२०. सरासरी २.८५ होते, पण खरा आकडा २६२ भागिले ३० वजा २५० भागिले ४०, म्हणजे २.४८३. बेरजा आधी, भागाकार नंतर.

कोथरूड_डेपो
तक्ता थेट आणण्याबद्दल : गूगल शीटमध्ये इम्पोर्ट एचटीएमएल नावाचं फंक्शन आहे. त्याला पानाचा पत्ता, ‘टेबल’ हा शब्द आणि पानावरचा कितवा तक्ता हवा तो क्रमांक द्यायचा. विकिपीडियाच्या पानांवर ते चांगलं चालतं. स्कोअरच्या बऱ्याच संकेतस्थळांवर मात्र तक्ता ब्राउझरमध्ये पान उघडल्यावर स्क्रिप्टने भरला जातो. शीटला तो दिसतच नाही आणि रिकामा रकाना किंवा एरर येतो. तिथे पत्ते बदलून बघण्यात वेळ घालवू नका. शिवाय हे फंक्शन साधारण तासाने ताजं होतं, सामना चालू असताना त्याचा उपयोग नाही.

हाताने कॉपी-पेस्ट करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. ‘८-६’ अशी जय-पराजयाची नोंद शीट तारीख म्हणून वाचते. पेस्ट करण्याआधी त्या रकान्याचं फॉरमॅट प्लेन टेक्स्ट करून ठेवा, नंतर बदलून मूळ आकडा परत येत नाही. दुसरं, काही पानांवर उणे चिन्ह छपाईतलं लांब असतं, कीबोर्डवरचं नसतं. शीट त्याला मजकूर समजते आणि क्रमवारी लावताना उणे संघ भलतीकडेच जातात. फाइंड अँड रिप्लेस करून साधी आडवी रेघ घाला.

पेठकर
१२० चेंडू धरून पहिले चार सामने पुन्हा भरले, तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले. आता पावसाच्या सामन्याचं काय? आणि शेवटच्या आठवड्यात ‘किती धावांनी जिंकायला हवं’ हे कसं काढतात?

गहुंजेकर
सामना निकालाविना रद्द झाला तर दोघांना एकेक गुण, आणि त्या सामन्याच्या धावा-चेंडू हिशोबात धरायचेच नाहीत. डकवर्थ-लुईस-स्टर्न (पावसात लक्ष्य बदलण्याची पद्धत) लावून लक्ष्य बदललं आणि सामना पूर्ण झाला, तर पहिल्या संघाच्या खऱ्या धावा बाजूला ठेवायच्या. त्यांच्या नावावर नव्या लक्ष्यापेक्षा एक धाव कमी, आणि षटकं दुसऱ्या संघाला दिली तेवढीच. पहिल्या संघाच्या २० षटकांत १८० होत्या आणि दुसऱ्याला ९ षटकांत १०२ चं लक्ष्य मिळालं, तर पहिल्याच्या नावावर १०१ धावा, ५४ चेंडू. जूनमध्ये गहुंज्याच्या स्टेडियमवर एमपीएल, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीग, असते तेव्हा हे फार लागतं. सुपर ओव्हरच्या धावा कधीच धरायच्या नाहीत.

किती धावांनी जिंकायचं ते शीटच सांगते. पहिल्या डावाची धावसंख्या गृहीत धरा, एका रकान्यात १ ते ६० असे विजयाचे फरक लिहा आणि प्रत्येक ओळीत दोन्ही संघांचा नेट रन रेट काढा. आपला संघ जिथे पहिल्यांदा वर जातो ती ओळ म्हणजे उत्तर. १८ मे २०२४ ला बेंगळुरूने २१८ केल्यावर त्यांना १८ धावांनी जिंकणं भाग होतं, म्हणजे चेन्नईला २०० वर रोखायचं. चेन्नई १९१ वर थांबली. दोघांचे गुण १४, पण नेट रन रेट बेंगळुरूचा ०.४५९ आणि चेन्नईचा ०.३९२. पाठलाग असेल तर फरकाऐवजी चेंडू मोजा, आणि विजयी फटका षटकार असू शकतो हे विसरू नका. एक धाव हवी असताना षटकार बसला तर पाच धावा जास्त मिळतात आणि दोन-तीन चेंडू उशीर झालेलाही चालून जातो. फलकावर ‘इतक्या षटकांत’ लिहिताना ही दोन्ही उत्तरं लिहा.

बालेवाडी_रेडर
कबड्डीचा तक्ताही लावणार असाल तर हंगाम बघून सूत्र घाला. प्रो कबड्डीत २०२५ च्या बाराव्या हंगामात विजयाला २ आणि पराभवाला ० गुण झाले, बरोबरी झाली तर पाच-पाच रेडचा टायब्रेकर. त्याआधी विजयाला ५, बरोबरीला ३, आणि ७ किंवा कमी गुणांनी हरल्यास १ मिळायचा. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचे २२ सामन्यांत ९६ गुण होते : १७ विजयांचे ८५, ३ बरोबरींचे ९, उरलेले २ दोन पराभवांचे. म्हणजे ते दोन्ही सामने पलटण ७ किंवा त्याहून कमी फरकानेच हरली होती. असं उलटं मोजता येतं म्हणून मला तो जुना तक्ता जास्त आवडायचा.

सामन्याची आकडेवारी तपासायची सोपी पद्धत : रेड, टॅकल, ऑल आउट आणि एक्स्ट्रा या चार रकान्यांची बेरीज संघाच्या गुणांइतकीच यायला हवी. येत नसेल तर बहुतेक वेळा ऑल आउटचे २ गुण राहिलेले असतात, किंवा सुपर टॅकलला (तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेली पकड) २ ऐवजी १ भरलेला असतो. सामना संपल्या संपल्या आकडे उतरवू नका, रिव्ह्यूनंतरच्या दुरुस्त्या खेळाडूंच्या नावापुढे थोड्या उशिरा पोचतात.