मदत हवी आहे: भूकंपानंतर बेटावरच्या पुलाची पहिली तपासणी, गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) सरकला असेल तर?

उत्तर अंदमानातल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी तपासणी-यादी करतोय. नमुना म्हणून मायाबंदरजवळचा चेंगप्पा पूल घेतलाय. लांबी २६८ मीटर. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात मधले तीन गाळे बेअरिंगवरून (गाळा ज्यावर टेकतो त्या आधारावरून) उतरले, आडवे सुमारे ७० सेंमी सरकले आणि २२ सेंमी खाली बसले. असं झालं तर हलकी वाहनं सोडावीत का? गाळा जागेवर कसा आणायचा? जोडरस्ता खचला तर?

प्रतिसाद १
वाहनं नकोत, दुचाकीही नको. दुसरा रस्ता नाही म्हणून दबाव येणारच, ने-आणीला होडी लावा.
आधी कठड्याच्या रेषेत डोळा लावून बघा, सरकलेला गाळा सांध्यापाशी लगेच कळतो. मग सांध्याची फट डाव्या-उजव्या टोकाला मोजा. फरक असेल तर गाळा फिरलाय. डांबर धड दिसलं तरी खाली जायलाच हवं. ओहोटीला होडीतून पिअर कॅप (खांबाचा माथा) बघा: गर्डरखाली (पुलाच्या तुळईखाली) टेकू किती उरलाय, कडेचं काँक्रीट उडालंय का, बेअरिंग कुठे आहे.
बेअरिंगचा रबरी पॅड नुसता ठेवलेला असतो, गाळा घर्षणावरच टिकतो. उभ्या हादऱ्यात भार हलका झाला की घर्षणही जातं. अंदमान तीव्र भूकंपाच्या पट्ट्यात आहे, तिथे आडवे स्टॉपर (गाळ्याला बाजूला सरकू न देणारे अडथळे) नसलेला पूल म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा.

प्रतिसाद २
गाळा उचलताना जॅक क्रॉस गर्डरखालीच (मुख्य तुळयांना जोडणाऱ्या आडव्या तुळईखाली), तेही डिझाइनवाल्याने तपासल्यावर. स्लॅबच्या लोंबत्या भागाखाली कधीच नाही. सगळे जॅक एकाच पंपाच्या नियंत्रणात आणि लॉकनटवाले (दाब गेला तरी खाली न बसणारे) हवेत. थोडं उचला, पोलादी पॅकिंग सारा, मग पुढे. एक कोपरा पुढे गेला की गाळा पिळतो, क्रॉस गर्डर तडकतो. आडवं सरकवायला स्टेनलेस पत्रा आणि टेफ्लॉनची जोडी. जुने पॅड परत वापरू नका, आणि स्टॉपर बसवल्याशिवाय काम संपलं म्हणू नका.

प्रतिसाद ३
पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीमागचा, म्हणजे जोडरस्त्याखालचा भराव बसतोच. त्यावर नुसतं डांबर ओतलं तर पहिल्या पावसात पुन्हा खड्डा. सैल भाग खणून १५० मिमीचे थर रोलरने दाबा. खाडीकडेच्या भरावात रस्त्याला समांतर भेगा असतील तर भराव पाण्याकडे सरकतोय. भेगांत पाणी जाऊ देऊ नका, ताडपत्री टाका, वाहतूक डोंगराच्या बाजूला घ्या.

धागाकर्ता
आभार. लेव्हल (उंचीची मापं) कुठल्या बेंचमार्कवरून (ठरलेल्या उंचीच्या खुणेवरून) घ्यायच्या?

प्रतिसाद ३
गाळ्यांमधला फरक कुठूनही निघेल. पण जोडरस्त्याखालची मोरी भरतीत बुडेल का, हे जुन्या बेंचमार्कवरून ठरवू नका, जमिनीबरोबर तोही हललेला असतो. २००४ ला उत्तर अंदमानची पश्चिम बाजू वर आली, पोर्ट ब्लेअरकडची जमीन खचली आणि तिथल्या सिप्पीघाटला शेतात खारं पाणी शिरलं. अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीची रेष खांबावर रंगाने मारा आणि मोरीची पातळी तिच्यावरून मोजा.