सीएलआर१ने सातवा बिट पुसला की गाणं अडकतं (सुपर निन्टेंडो, त्याचा आवाजाचा प्रोसेसर एसपीसी७००)

पेटीवाला८
सुपर निन्टेंडोसाठी स्वतःचा छोटा साउंड ड्रायव्हर (गाणं वाजवणारा प्रोग्राम) लिहितोय. टायमर ० ला ८० दिलेत, म्हणजे ८००० हर्ट्झला भागून सेकंदाला १०० ठोके. चाल झकास वाजत होती. मग बूट रॉम (सुरुवातीला चालणारा पक्का कोड) बंद करून सगळ्यात वरचे ६४ बाइट ($एफएफसी० ते $एफएफएफएफ) सॅम्पलसाठी (आवाजाच्या तुकड्यांसाठी) वापरू म्हटलं आणि एवढीच ओळ घातली (कंट्रोल रजिस्टर $एफ१ चा बिट ७ शून्य कर):

सीएलआर१ $एफ१.७

आता पहिला सूर लागतो आणि तसाच ताणत बसतो. टायमर ० चे ठोके मोजणारा $एफडी कायम शून्य. असेंबलरने काढलेले बाइट पाहिले, एफ२ एफ१, बरोबर आहेत. पी फ्लॅगही शून्य, म्हणजे $एफ१ हा पत्ता पान ० मधलाच. एकच बिट पुसायला सांगितलाय, मग टायमरला काय झालं?

रात्रपाळी
एएनडी $एफ१,#$७एफ करून बघ, तोही बिट ७ च पुसतो. वाचायलाही सोपं.

जुनाखोका
एएनडीनेही तेच होणार. दोन्ही सूचना आधी पूर्ण बाइट वाचतात, बदलतात आणि पूर्ण बाइट परत लिहितात. साध्या रॅमवर हे जाणवत नाही. $एफ१ मात्र फक्त लिहिण्यासाठी आहे, वाचायला गेलात की शून्य मिळतं. शून्यातला सातवा बिट पुसला तरी शून्यच, आणि तेच परत लिहिलं जातं. रॉम बंद झाला खरा, पण टायमर चालू ठेवणारे बिट ०, १, २ पण त्याच फटक्यात गेले. तुमचा लूप $एफडी हलायची वाट बघत बसला.

रॅममध्ये एक नक्कल ठेवा, समजा $२० वर. बिट तिच्यात पुसा, मग उचलून टाका:

सीएलआर१ $२०.७
एमओव्ही $एफ१,$२०

चालू टायमरवर पुन्हा १ लिहिला तर तो मोजणी पहिल्यापासून सुरू करत नाही, तेव्हा ठेका चुकायची भीती नको. फक्त बिट ४ आणि ५ नकलेत कधीही १ ठेवू नका. ते पोर्टांवर आलेला मजकूर पुसतात. दर वेळी लिहिलात तर मुख्य सीपीयूचे निरोप मध्येच गायब होतील आणि मग दोष शोधताना रात्र जाईल.

आता मुळातला प्रश्न. सॅम्पलसाठी रॉम बंद करताच कशाला? डीएसपी (सॅम्पल वाजवणारी चिप) थेट रॅम वाचतो, त्याला तो रॉम दिसतच नाही. शिवाय रॉम चालू असतानाही त्या पत्त्यांवर लिहिलेलं खालच्या रॅममध्येच जातं. रॉम आड येतो तो फक्त एसपीसी७०० स्वतः तिथून वाचतो तेव्हा. टीकॉल (तक्त्यातून पत्ता घेऊन सबरूटीनला जाणारी सूचना) वापरत असाल तर गोष्ट वेगळी, त्याचे पत्ते $एफएफसी० पासूनच आहेत.

पेटीवाला८
टीकॉल नाही वापरत. ती ओळच उडवली. टायमर चालू, सॅम्पलही वाजतंय. मग सीपीयूशी बोलायच्या $एफ४ या पोर्टवरही सीएलआर१ टाळायचा का? सीपीयूला 'मोकळा आहे' सांगायला तिथला बिट ० पुसायचा विचार होता.

जुनाखोका
टाळाच. $एफ४ वाचलात तर सीपीयूने पाठवलेलं मिळतं, लिहिलंत तर ते सीपीयूकडे जाणाऱ्या वेगळ्या लॅचमध्ये (बाइट धरून ठेवणाऱ्या जागेत) पडतं. म्हणजे त्याचाच बाइट, एक बिट कमी करून, त्याला परत पाठवाल. तिथे सरळ एमओव्ही. $एफ३ वर (डीएसपीची रजिस्टरं वाचायची-लिहायची खिडकी) मात्र बिनधास्त वापरा: $एफ२ मध्ये ६सी (डीएसपीच्या फ्लॅग रजिस्टरचा क्रमांक) ठेवून सीएलआर१ $एफ३.५ केलंत की एकोचं (प्रतिध्वनीचं) रॅममधलं लिखाण सुरू होतं, कारण डीएसपीची रजिस्टरं वाचता येतात. पण त्याआधी एको बफरचा पत्ता आणि लांबी ठरवा, नाहीतर तो तुमच्याच कोडवरून फिरेल.